भट्टीवरची खोली

१२ नोव्हेंबर

प्रिय विहीणबाई,

नमस्कार. पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नका, इथे सगळे खुशाल आहेत. तुमचा गुडघा कसा आहे? जिना कमी चढा असं लिहिणार होते, पण तुमचं घरच बेकरीच्या डोक्यावर, तेव्हा तो सल्ला माझ्यापाशीच ठेवते.

माझं शिवणयंत्र दुरुस्त होऊन आलं. सध्या शाळेच्या गणवेशांची घाई आहे. पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही, जिकडे तिकडे निळ्या चिंध्या. तुमचे जावई परवा त्यातलीच एक पँटच्या मागे चिकटवून ऑफिसला गेले आणि दिवसभर मिरवून परत आले. कोणी सांगितलं नाही का, असं विचारलं तर म्हणाले, "सगळे हसत होते, मला वाटलं आज सगळ्यांचा मूड चांगला आहे." असा तुमचा जावई.

चिमणीचं चष्म्याच्या दुकानातलं काम छान चाललंय. आता डोळे तपासायलाही तिलाच बसवतात. तिने माझेही तपासले आणि म्हणाली, "आई, तुम्ही सुईत दोरा ओवता तो अंदाजाने." मला नवा चष्मा लागला आहे. तुम्ही तिला चिमणी म्हणता म्हणून आम्हीही म्हणायला लागलो, आता खरं नाव फक्त तिच्या पगाराच्या कागदावर उरलंय.

बघा, पानभर लिहिलं आणि ज्यासाठी लिहायला बसले ते राहिलंच.

रविवारी फोनवर तुम्ही म्हणालात, "माझी पोर तुम्ही मला दाखवत नाही. येते तेव्हा हाडं मोजून घ्यावीत अशी येते. तुमच्या घरात तिच्या पानात काय वाढता ते मला कळलं पाहिजे." आणि फोन आपटलात. मी तेव्हा गप्प बसले, कारण चिमणी माझ्या शेजारीच उभी राहून बटाटे सोलत होती. राग आला नाही असं म्हणणार नाही. आला, आणि संध्याकाळपर्यंत टिकला. पण मग मनात आलं, माझी मुलगी कोणाच्या घरी असती आणि दर वेळी कामाचं निमित्त सांगून यायचं टाळत असती, तर मीही हेच म्हणाले असते. कदाचित याहून वाईट.

तेव्हा आधी तिच्या पानात काय असतं ते सांगते. भात असतो, बटाटे, भाज्या, अंडी, मासे, डाळी, फळं, दूध. हवं तितकं असतं. गहू नसतो. मैदा, रवा, पाव, बिस्किट यातलं काहीही नसतं, सातूही नसतो. आणि हे फक्त तिच्याच पानात नाही, आमच्या सगळ्यांच्याच घरात नसतं. जावयांना पाव खायचा झाला तर ते बाहेर खाऊन येतात आणि दारातच हात-तोंड धुतात.

तुम्हाला तिने सांगितलंय की "गहू जरा सोसत नाही." विहीणबाई, ते तिने फार म्हणजे फारच कमी करून सांगितलंय. गेल्या वर्षी ती दुकानात चक्कर येऊन पडली, तेव्हा रक्त अगदीच कमी निघालं. पोटाच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, मग घशातून दुर्बीण घालून आतडं बघितलं. आजाराचं नाव सीलिअॅक. मला त्यांनी समजावलं ते मी माझ्या पद्धतीने लक्षात ठेवलंय. आपल्या आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते, अन्न अंगी लागतं ते तिच्यामुळे. चिमणीच्या बाबतीत गव्हातला ग्लुटेन नावाचा चिकटपणा पोटात गेला की तिचंच शरीर त्या लवेवर उलटतं. मखमल झडून नुसतं तागाचं कापड उरतं. मग कितीही खा, अंगी काही लागत नाही. औषध नाही, गोळी नाही. आयुष्यभर गहू बंद, एवढाच उपाय. आणि थोडा म्हणजे थोडाही चालत नाही. लोण्याच्या डबीत कोणी पावाचा चुरा लागलेली सुरी बुडवली, तरी तिच्यासाठी ती डबी गेली.

सुरुवातीला मला हे खरं सांगायचं तर जड गेलं. लाकडी चमचे टाकले, चाळणी टाकली, जुना तवा शेजारणीला दिला. सूपच्या पाकिटात मैदा, सॉसच्या बाटलीत गहू! वाण्याकडे मी भिंग घेऊन पाकिटांमागची बारीक अक्षरं वाचत उभी राहते, तो मला "या इन्स्पेक्टरबाई" म्हणतो. हॉटेलात वाढपी सांगतो, "मॅडम, थोडासाच मैदा आहे," जणू थोडासाच विंचू आहे. पण सवय झाली. तिच्या गालांवर रंग आला, केस गळायचे थांबले. डोळ्यांदेखत माणूस बरं होताना बघितलं की भांडी टाकल्याचं दुःख राहत नाही.

आता पुढचं. हे तुम्हाला कळू द्यायचं नाही असं तिने मला बजावलंय.

गेल्या खेपेला ती तुमच्याकडून परत आली, त्या रात्रीपासून तिला उभं राहवेना. दुसऱ्या दिवशी मी तिला न्हाणीघरात फरशीवर बसलेली बघितली, भिंतीला टेकून, पोट दाबून धरलेलं. मी विचारलं, "काय खाल्लंस?" म्हणाली, "गाडीत काहीतरी बाधलं." मी म्हटलं, "माझ्याकडे बघून सांग." तेव्हा रडायला लागली.

"आई सकाळपासून भट्टीपाशी उभी होती. पहिल्या घाण्यातला बन लोणी लावून तिने माझ्या हातात दिला. गिऱ्हाइकं बघत होती. सगळ्यांना सांगत होती, माझी चिमणी आली. मी कसं नाही म्हणू?"

"म्हणजे दर वेळी खातेस?"

"दर वेळी."

तिला सावरायला बरेच दिवस लागले. डॉक्टर रागावले, म्हणाले, वर्षभर कमावलेलं एका भेटीत घालवता. म्हणून ती येत नाही, विहीणबाई. आम्ही अडवत नाही. तुमच्याकडे आली तर खाल्ल्याशिवाय राहवत नाही, आणि खाल्लं तर झोपून राहावं लागतं. शिवाय तुमच्या घरात पीठ हवेतच असतं, ते वर माडीपर्यंत येतं. हेही तिला माहीत आहे.

मी तिला म्हटलं, "अगं, सरळ सांगून टाक ना आईला." त्यावर ती जे बोलली ते लिहायचं की नाही, हे मी चार दिवस ठरवतेय. ती म्हणाली, "आई, माझ्या आईला सांगू नका. लहानपणी मी अशक्त म्हणून ती मला दुधात पाव कुस्करून भरवायची. तिला हे कळलं तर ती काय समजेल?" पुढचं वाक्य तिने पुरं केलं नाही. मीही करत नाही.

पण तुम्ही ते मनातल्या मनात पुरं कराल हे मला माहीत आहे, म्हणून माझं ऐका. तुम्ही पाव दिलात. जगात कुठल्याही आईने दिला असता. भुकेल्या पोराला पाव देणं यात काय वाईट? आजार तिच्या अंगात होता, तुमच्या हातात नव्हता. तो कोणालाच दिसला नाही, डॉक्टरांनाही नाही.

तिला दिलेला शब्द मी मोडला. तुम्ही रागवायचं तर माझ्यावर रागवा, तिच्यावर नको. आणि फोन करू नका, एवढी विनंती. तिला पत्राबद्दल माहीत नाही. सावकाश वाचा, सावकाश लिहा.

तुमची,
तुमच्या लेकीला जपणारी विहीण


९ डिसेंबर

प्रिय विहीणबाई,

तुमचं पत्र मिळून बरेच दिवस झाले. उत्तर आलं नाही म्हणून तुम्ही काय काय समजला असाल. मला लिहायची सवय नाही, माझं लिहिणं म्हणजे केकवरची नावं. तेव्हा चुका पोटात घाला.

पत्र मी भट्टीपाशीच उघडलं. उभ्याउभ्याच वाचत गेले. आमचा जुना कारागीर ओरडला, "मालकीणबाई, वास येतोय!" बघते तर आख्खा घाणा काळा ठिक्कर. नवरा गेला त्या आठवड्यातही माझा घाणा करपला नव्हता.

पहिल्यांदा तुमचा रागच आला. म्हटलं, ही कोण मला शिकवणार. माझ्या पोरीचं पोट मला माहीत नाही आणि हिला माहीत? त्या दिवशी तुम्हाला एक पत्र लिहिलं होतं. ते वाचलं असतंत तर आपली सोयरीक तिथेच संपली असती. फाडून भट्टीत टाकलं. बरं जळलं.

मग माझ्या डॉक्टरांकडे गेले, तुमचं पत्र पर्समध्ये घेऊन. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "तुमच्या विहीणबाईंनी अगदी बरोबर लिहिलंय." वर म्हणाले, हा आजार घराण्यात चालतो, तुम्हीही रक्त तपासून घ्या. मग विचारतात, "तुमच्या जेवणात गहू असतो ना? नाहीतर तपासणीत कळत नाही." मी म्हटलं, "डॉक्टर, मी बेकरी चालवते. मी श्वास घेते तोही मैद्याचा." ते हसले. मलाही हसू आलं, पत्र वाचल्यापासून पहिल्यांदाच.

रिपोर्ट आला. मला काहीही नाही. ठणठणीत.

खरं सांगू? मला फार वाईट वाटलं. रिक्षात बसून रडले. मला वाटलं होतं, निदान माझ्याकडून गेलं असेल तिच्यात. मलाही झाला असेल तर मीही गहू सोडेन, दोघी मिळून काढू. तेवढंही माझ्या नशिबात नाही. तिच्या बाबांचं पोट कधीच धड नव्हतं, जन्मभर काडीसारखे राहिले. आम्ही म्हणायचो, बेकरीवाल्याच्या अंगाला पाव लागत नाही, आणि सगळे हसायचे. आता ते नाहीत, कोणाला विचारायचं?

तुम्ही लिहिलंत की माझ्या हातात काही नव्हतं. ते मी बरेचदा वाचलं. अजून पटत नाही. डोळ्यांसमोर येतं ते तिचं एवढंसं तोंड. घास फिरवत बसायची, गिळायची नाही. मी म्हणायचे, गिळ, नाहीतर बाहेर खेळायला सोडणार नाही. ती गिळायची. पटत नाही, पण तुम्ही लिहिलंय म्हणून वाचत राहते. कधीतरी पटेल.

आता कामाचं बोलते, तेच मला जमतं.

बेकरी बंद करता येणार नाही. तीन घरं तिच्यावर चालतात. पण माडीवर मागच्या बाजूची खोली आहे ना, तिच्या बाबांची, ती मी रिकामी केली. तिथे जायला मागून लोखंडी जिना आहे, दुकानातून जावं लागत नाही. आतला दरवाजा बंद करून त्याच्या फटी चिकटपट्टीने बुजवल्या. भिंती धुवून रंग दिला. गादी, पडदे, चटई, सगळं नवीन. जुन्या पडद्यावर हात मारला तर ढग उठला, विहीणबाई. एवढ्या वर्षांचा मैदा! त्या ढगात ती झोपत होती. खोलीतच छोटी शेगडी, नवी पातेली, नवी सुरी, नवा चमचा. पातेल्यांवरची दुकानाची चिठ्ठी अजून काढलेली नाही, ती येईपर्यंत काढायचीही नाही. त्या खोलीत जायचं तर आधी आंघोळ आणि धुतलेले कपडे, हा नियम मी स्वतःला घातलाय. कारागिराला सांगितलं, त्या लोखंडी जिन्यावर पाऊल ठेवलंस तर पगार विसर. तो म्हणतो, "वर काय सोनं ठेवलंय?" म्हटलं, "हो."

आता मला तुम्ही सांगायचं. तेल नवीन आणलं, मीठ-मसाले नवीन आणले. तांदूळ वाण्याने सुट्या पोत्यातून दिले, शेजारी गव्हाचं पोतं होतं, ते चालतील का? मला वाटलं नाही, म्हणून परत केले आणि बंद पाकीट आणलं. बरोबर केलं का? अंडी तर काय, देवानेच बंद करून पाठवलीत. भांडी घासायची घासणी वेगळी हवी ना? दात घासायची पेस्टसुद्धा बघायची असते का? तुमचं ते भिंग कुठल्या दुकानात मिळतं?

आणि एक. तिला तुम्हीच सांगा की आईला सगळं कळलंय. मला तोंडावर बोलता येणार नाही. मी बोलायला गेले की ओरडते, तुम्हाला माहीत आहेच. त्या रविवारचं फोनवरचं विसरा असं म्हणणार नाही. पण मी ते परत घेते.

तिला पाठवा. चार दिवस तरी पाठवा. आणि तुम्ही आलात तर दुसरी गादीही नवीनच आणलीये.

तुमची,
वाट बघणारी विहीण


१४ जानेवारी

प्रिय विहीणबाई,

ती पोचली हे तिने फोनवर सांगितलंच असेल. बाकीचं ती सांगणार नाही, म्हणून मी लिहिते. आत्ता ती खिडकीशी झोपली आहे. दुपारचे तीन वाजलेत, खाली दुकान कारागिरावर सोडून मी तिच्याजवळ बसून लिहितेय. गणवेशांनी तुम्हाला अडकवून ठेवलं नसतं तर हे तुम्हीच बघितलं असतं.

गाडीतून उतरून ती रस्त्यापलीकडे उभी राहिली. नेहमी थेट दुकानात शिरायची. या वेळी तिथेच थांबली. मी काउंटर सोडून धावले आणि अर्ध्या रस्त्यात मला आठवलं, माझ्या अंगावर एप्रन, कोपरापर्यंत मैदा. मी जागच्या जागी उभी. गाड्या दोन्ही बाजूंनी हॉर्न वाजवताहेत आणि मी ओरडतेय, "जवळ येऊ नको! मागून वर जा! मी आंघोळ करून येते!" सगळा रस्ता बघत होता. लोकांना वाटलं असेल, या बाईने पोरीला घराबाहेर काढली.

आंघोळ करून, केस धुवून, ओल्या केसांनीच वर गेले. ती खोलीच्या मधोमध उभी राहून एक पातेलं हातात घेऊन बघत होती. चिठ्ठी तिनेच काढली. म्हणाली, "आई, हे सगळं तू कधी केलंस?" मी बोलायला गेले आणि झालं ते नेहमीचंच. ओरडले. "कधी म्हणजे काय? तू सांगितलं असतंस तर आधीच केलं नसतं का? एवढा कसला परकेपणा? मेली असतीस म्हणजे?" तिने येऊन मला मिठी मारली. किती वेळ उभ्या होतो कोणास ठाऊक. मग माझ्या कानात म्हणते, "तुझ्या केसांना शाम्पूचा वास येतोय. कसंतरीच वाटतं. तुला नेहमी पावाचा वास यायचा."

मग दोघी हसलो आणि दोघी रडलो.

पहिल्या दिवशी जेवताना मी तिच्या घासाघासाकडे बघत होते. ती म्हणाली, "आई, अशी बघू नकोस, परीक्षेला बसल्यासारखं वाटतं." मी तोंड फिरवलं आणि खिडकीच्या काचेत बघत राहिले, तिथे दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी मला हुक्की आली. तांदळाचं पीठ बंद पाकिटातलं आणलं, एक छोटा ओव्हन आणला, आणि तिच्यासाठी पाव करायला बसले. इतकी वर्षं या दोन हातांनी पाव केले, विहीणबाई, आणि काल मी वीट केली. पीठ फुगेना, चिकटेना, हाताला ओळखच देईना. मला वाटत होतं मी मळतेय, ते पीठ मलाच नाही म्हणत होतं. ती तो पाव टेबलावर ठोकून म्हणाली, "दुकानाचं दार उघडं ठेवायला उपयोगी पडेल." मी चिडले. मग तिने एक कडा तोडून चावली आणि बराच वेळ चावत राहिली. म्हणाली, "पुढच्या वेळी पाणी जास्त घाल." पुढच्या वेळी असं म्हणाली. म्हणजे ती परत येणार आहे, नाही का?

संध्याकाळी मी विषय काढलाच. म्हटलं, "चिमणे, मी तुला बळेच भरवायचे. तू नको म्हणायचीस." ती म्हणाली, "हो, भरवायचीस." मला वाटलं होतं ती नाही म्हणेल, समजूत काढेल. तिने नाही काढली. पुढे म्हणाली, "पोट दुखायचं, आणि तू रात्रभर शेकत बसायचीस. मला तेही आठवतं. दोन्ही आठवतं." एवढंच. मला त्यात काय मिळालं ते सांगता येत नाही. पण काल मी झोपले. नवऱ्याच्या त्या खोलीत, चटईवर, तिच्या शेजारी, गाढ झोपले.

आणि आज दुपारचं, ज्यासाठी हे पत्र.

तिच्या लहानपणी मी ताट घेऊन तिच्या मागे धावत असे. जिन्यावर, गल्लीत, शेजाऱ्यांच्या अंगणात. शेजारीण म्हणायची, तुझी पोर वाऱ्यावर जगते. मला आठवतं तेव्हापासून तिने मला कधी काही मागितलं नाही. वाढलेलं उरायचं, तेच मोठं भांडण.

आज साधाच भात केला होता, बटाट्याची भाजी, दोन उकडलेली अंडी. मी वाढून पाठ फिरवली, भांडं विसळत होते. मागून आवाज आला, "आई, भात अजून आहे?"

मी वळले नाही. वळले असते तर तिला माझं तोंड दिसलं असतं. म्हटलं, "आहे की. पातेलंभर आहे." तिने ताट पुढे केलं. मी वाढला. तिने खाल्ला. पुन्हा ताट पुढे केलं. मी पुन्हा वाढला. पातेलं रिकामं झालं आणि माझ्यासाठी काही उरलं नाही. इतकी वर्षं मी याच दिवसाची वाट बघत होते, आणि तो तुमच्या घरात तयार होऊन माझ्याकडे आला.

रविवारच्या गाडीने तिला पाठवते. काळजी करू नका, वेळेवर जेवते, पोट दुखत नाही, दुपारी झोपते. तुमची मुलगी इथे खुशाल आहे.

तुमची,
तिची आई